एकदा वाजलं की बसायचं

१

त्या घरातून बाहेर पडायचं तर आधी आजोबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभं राहायचं. "येतो" म्हणायचं आणि थांबायचं. आजोबा पेपरातून मान वर काढत नसत. उजव्या हातातली जाड अंगठी खुर्चीच्या लाकडी हातावर दोनदा वाजली, की जायचं. एकदाच वाजली, की बसायचं. का म्हणून विचारायची सोय नव्हती. पन्नाशी उलटली तरी बाबा दूध आणायला जाताना उभे राहायचे, हातात पिशवी, मान खाली, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. आई एकदाच न विचारता बाहेर पडली, ती परत आलीच नाही. त्यानंतर तिचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही.

नातवाला सगळे अर्ध्या म्हणायचे. कॉलेज अर्ध्यावर सोडलं म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. आजोबांकडून त्याला मिळालेलं असं तेवढंच. अर्ध्या गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा, आणि झकास शिवायचा. लग्नाचं विचारायला तो त्या खुर्चीसमोर गेला तेव्हा अंगठी एकदा वाजली. त्यानं लग्न केलं. तेव्हापासून आजोबांनी त्याच्यासाठी अंगठी वाजवणंच सोडून दिलं, ना एकदा, ना दोनदा. अर्ध्या कुणाला जुमानत नाही, असं गल्लीभर बोललं जायचं. पण दाराबाहेर पडण्याआधी तो खुर्चीसमोर घटकाभर घुटमळायचाच. हे फक्त त्याच्या बायकोच्या लक्षात आलं होतं, आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग आजोबा गेले. खुर्चीत कुणी बसेना. तिच्याकडे पाठ करूनही कुणी बसेना. एका रविवारी अर्ध्यानं ती उचलली, वर्कशॉपात नेली आणि कटरनं सोलली. लाकूड भंगारात दिलं. फोम मात्र जुना, दाट, आता शोधूनही मिळत नाही असा. मध्ये बसून बसून खड्डा पडलेला, तोही उजवीकडे कललेला, कारण म्हाताऱ्यानं आयुष्यभर सगळा भार त्याच कुशीवर टाकला होता. अर्ध्यानं फोमचे काप काढले, उलटसुलट करून चिकटवले, वरून सपाट तासले आणि आपल्या सेकंडहँड गाडीच्या मागच्या सीटमध्ये घातले. वर नवंकोरं काळं रेक्झिन. याला काटकसर म्हणा नाहीतर सूड. ज्याच्यासमोर जन्मभर उभं राहायला लागलं, त्याच्यावर आता कुणीही बसावं, खुशाल शेंगदाण्याची टरफलं सांडावीत.

बायकोला त्यानं हे सांगितलं नाही. तिथंच चुकलं.

२

शनिवारी तिचा वाढदिवस होता. ती चष्म्याच्या दुकानात भिंगांच्या कडा घासायची. एका जागी स्वस्थ बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तो तिला भिंगरी म्हणायचा. दोन दिवस डोंगरातल्या एका विश्रामगृहात राहायचं, हे बाबांना सांगितलं होतं. रविवारी तिथून पुढच्या गावात एक खोली बघायची, हे सांगितलं नव्हतं. खोलीच्या खाली शटरचा गाळा होता, अर्ध्याचं शिलाई मशीन मावेल एवढा, आणि तिथल्या चष्मेवाल्यानं भिंगरीला कामावर ये म्हणून निरोप धाडला होता. खोली पटली, की या घरात यायचं ते फक्त सामान न्यायला.

"पटली तर नाही, पटणारच आहे," भिंगरी म्हणाली होती. "संडासाला आतून कडी असली तरी मला पटेल. तू मात्र ऐन वेळी मागे वळून बघू नकोस."

"मी? मी कशाला बघतोय?"

ती नुसती हसली होती.

बॅगा घेऊन ते हॉलमध्ये आले, तर बाबा त्या कोपऱ्याकडे तोंड करून उभे. कोपऱ्यात काही नव्हतं. खुर्चीच्या चार पायांनी फरशीवर पाडलेले चार पिवळट डाग, बस्स.

"निघतो बाबा."

"विचारलंत का?" बाबा म्हणाले.

"कुणाला?"

कान देऊन ऐकणाऱ्या माणसासारखी बाबांनी मान जरा तिरकी केली होती. हातात बाजाराची पिशवी होती. अर्ध्याच्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाला एवढं घाबरायचं, तर जिवंतपणी त्याच्याशी एकदा भांडून तरी घ्यायचं होतं. तो काहीतरी बोलणार होता, पण भिंगरीनं त्याचा शर्ट ओढला.

"चल. बाबा, फ्रिजमध्ये भाजी ठेवलीय. गरम करून घ्या."

३

शहर मागे पडलं, तशी भिंगरी खुलली. पाय डॅशबोर्डवर, खिडकी उघडी, ओरडून गाणं. अर्ध्यानं तिला पाय खाली घ्यायला सांगितलं, ती म्हणाली आज माझा वाढदिवस आहे, आज हे पाय देवाचे आहेत. चहाच्या टपरीवर ते थांबले. कागदी पेले, फुंकून फुंकून प्यायलेला चहा, आणि मग गाडीत बसून तिनं पट्टा लावला.

"निघूया?" ती म्हणाली.

टक्.

एकदाच. मागून.

अर्ध्यानं किल्ली फिरवली. गाडीतला कुठला आवाज कुठून येतो हे ओळखणं त्याच्या धंद्यातलंच होतं. दाराच्या आतल्या पत्र्याची क्लिप निसटली असेल. सीटखाली पक्कड राहिली असेल. रेक्झिन ताणून बसवलं की तारेची एखादी कडी सुरुवातीला अशी तडकते.

पेट्रोल पंपावर पुन्हा तेच. तिनं बाटल्यांत पाणी भरून आणलं, दार लावलं, म्हणाली, "चला, निघूया." टक्. रेल्वे फाटक उघडलं तेव्हा तो स्वतःच पुटपुटला, "निघूया आता." टक्. एरवी रस्ता कितीही खराब असो, खड्ड्यांत गाडी आदळो, मागून चकार आवाज नाही.

"तुझी सीट बोलते रे," भिंगरी म्हणाली.

"नवी आहे. बसायला वेळ लागतो."

"धातू लाकडावर आपटल्यासारखं वाजतंय."

"मागे लाकूड नाहीच आहे."

"तेच म्हणतेय मी."

अर्ध्यानं मग ठरवलं, की तो शब्द उच्चारायचाच नाही. पुढच्या थांब्याला त्यानं तिला नुसती मान हलवून खूण केली आणि गाडी काढली. मागे शांत. त्याला बरं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली. हे तर बाबांसारखंच झालं. नियमाच्या कडेकडेनं, पायाचा आवाज न करता.

"निघूया," तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. गाडी चालूच होती.

टक्.

"निघूया, निघूया, निघूया."

टक्. टक्. टक्. घाई नाही. प्रत्येक वेळी तेवढाच जोर. ज्याला आपलं ऐकलं जाणार याची खात्री असते, त्याच्यासारखा.

भिंगरीनं पाय डॅशबोर्डवरून खाली घेतले.

४

घाट सुरू होण्याआधी एका झाडाखाली त्यानं गाडी लावली आणि मागचं दार उघडलं. सीटखाली हात घातला. पक्कड नव्हती. दाराच्या क्लिपा जागच्या जागी. तो सीटवर हात फिरवायला गेला आणि थबकला.

काळ्या रेक्झिनला मध्ये खड्डा पडला होता. उजवीकडे कललेला.

या सीटवर अजून कुणी बसलंच नव्हतं. बॅगा डिकीत होत्या. त्यानं तळवा दाबून उचलला. फोम सावकाश वर आला, जसा यायला हवा तसा, आणि कुणी न दाबता पुन्हा सावकाश खाली गेला. आत काप उलटसुलट लावलेले. खड्ड्याचा एक तुकडा तळाशी, एक पाठीला, एक कुठेतरी कडेला. तो खड्डा पुन्हा जुळून यायचा तर फोमला आपण कोणाचे होतो ते लक्षात असायला हवं.

रेक्झिन कोवळं आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. उन्हानं ताण सुटला असेल. डिंक ओला राहिला असेल. तीन कारणं सापडली, आणि तिन्ही त्यानं एखाद्या गिऱ्हाईकाला बिनदिक्कत खपवली असती.

"काय आहे या सीटमध्ये?" भिंगरी मागे येऊन उभी होती. तिची नजर खड्ड्यावर होती. भिंगातला केसाएवढा चरा तिला दिसायचा. हे न दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्या वाढदिवसाला तू आजोबांना घेऊन आलास."

"फोम आहे गं तो."

"मला एक केक पुरला असता."

तिला हसू फुटलं, मग त्यालाही. हसता हसता तिनं खड्ड्याकडे बघून सांगितलं, "आजोबा, आम्ही डोंगरात चाललोय. पटत नसेल तर उतरा." आणि धाडकन दार लावलं. या बाईशी लग्न केलं ते का, हे त्याला त्या क्षणी पुन्हा नीट कळलं.

बंद दाराच्या आत एकदा वाजलं. दोघांनीही ऐकलं. दोघंही गाडीत बसले.

५

विश्रामगृहाची खोली चुन्यानं रंगवलेली, साधी, स्वच्छ. दोन खाटा जोडून केलेला पलंग, मधली फट झाकायला चौघडी. खिडकीतून दरी दिसायची आणि खाली लावलेली त्यांची गाडी. भिंगरीनं पडदा ओढून घेतला. संध्याकाळी त्यांनी केक कापला, मेणबत्ती विसरली म्हणून तिनं काडेपेटीतली काडी पेटवून केकमध्ये खोचली आणि ती विझायच्या आत फुंकली.

"काय मागितलंस?"

"खोली."

तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते कुजबुजत होते.

"अरे, तू काही नेलंयस का बरोबर?"

"काय नेणार? कपडे."

"घरात आवाज येत नाही रे."

"कसला आवाज?"

"ते गेल्यापासून रोज येतो. मी कोपऱ्यासमोर उभा राहतो, येतो म्हणतो, मग वाजतं. कधी एकदा, बहुतेक दोनदा. आजवर खंड नाही. आज सकाळी तुम्ही गेलात आणि मी म्हटलं, जरा बाजारात जाऊन येतो. काहीच वाजलं नाही. एकदाही नाही."

"मग?"

"मग काय. उभा आहे."

अर्ध्यानं पडदा जरा सरकवला. खिडकीबाहेर दिवस मावळत होता. "सकाळपासून?"

"मध्ये टेकलो होतो जरा, भिंतीला. जे काही नेलं असशील ते परत आण बाळा. उद्या नाही, आत्ता. तुम्हा पोरांना काय, तुम्ही निघून जाल. मला दूध आणायचं असतं रे."

बाळा. कॉलेज सुटलं त्या दिवशी बाप तोंड फिरवून बसला होता. आजोबा सगळ्यांदेखत अर्धवट म्हणाले तेव्हा मूग गिळून होता. आई गेली तेव्हा दारापर्यंतसुद्धा गेला नाही, कारण अंगठी एकदा वाजली होती. आणि आता बाळा. अर्ध्याला दया आली, आणि दयेपेक्षा राग जास्त आला.

"बाबा, सरळ दार उघडा आणि जा."

"असं कसं जाणार?" बाबा म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

फोन ठेवल्यावर भिंगरीनं विचारलं, "परत जायचं म्हणतोयस?"

"नाही."

"तुझा चेहरा म्हणतोय."

"चेहरा त्यांच्यावर गेलाय. त्याला मी काय करू?"

६

सकाळी ते खाली उतरले, तेव्हा गाडीच्या मागच्या डाव्या काचेवर वाफ धरली होती. बाकी काचा कोरड्या. भिंगरीनं जवळ जाऊन बोट फिरवलं. पुसलं गेलं नाही.

"आतून आहे," ती म्हणाली. दुकानात दिवसभर ती भिंगांवर तोंडानं 'हाऽ' करून फडक्यानं पुसायची. "गार काचेवर गरम श्वास पडला की असं होतं. आणि बराच वेळ पडायला लागतो."

त्या वाफेत एक गोल स्वच्छ पुसलेला होता, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. गोलातून सरळ रेषेत वर पाहिलं, तर त्यांच्या खोलीची खिडकी दिसत होती. पडदा अर्धवट सरकलेला.

अर्ध्यानं दार उघडलं, डिकीतून कटर काढलं आणि नव्याकोऱ्या रेक्झिनवर उभी चीर मारली. स्वतःच्या हातची शिलाई फाडताना वाईट वाटतं. त्याला वाटलं नाही. पक्कडीनं कड्या ओढल्या, रेक्झिन सोललं आणि फोम बाहेर खेचला. तुकडे वेगळे होतील असं त्याला वाटलं होतं. ते एकसंध आले. सांधा कुठं दिसेना. चांगला वजनदार होता, कोमटही. सकाळच्या गारठ्यात कोमट.

उकिरड्याशी विश्रामगृहाची झाडूवाली उभी होती. "काय टाकताय?"

"खुर्ची."

"ही खुर्ची?"

"होती."

तिनं फोमकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चांगला आहे की. मी नेते घरी, म्हातारीला बसायला होईल."

"नको," दोघं एकदमच म्हणाले, आणि भिंगरीनं तिच्यादेखत त्यावर काडी ओढली. फोम धुमसला, काळा धूर निघाला, वास नाकात बसला. पूर्ण राख होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. गाडीत मागे आता नुसता पत्रा उरला.

"निघूया," भिंगरी पट्टा लावत म्हणाली आणि थांबली.

मागे काही वाजलं नाही. अर्ध्या इतका मोठ्यानं हसला, की झाडूवालीनं वळून पाहिलं.

७

घाट उतरल्यावर रस्ता फुटतो. डावीकडे ते गाव, खोली, शटरचा गाळा. उजवीकडे शहर, घर. दोघं गप्पा मारत होते, मशीन भिंतीला लावायचं की दाराशी, यावर वाद चालला होता.

"इथून डावीकडे ना?" भिंगरीनं विचारलं. "वळूया?"

टक्.

या वेळी मागून नाही. अर्ध्यानं खाली पाहिलं. त्याचा उजवा हात स्टिअरिंगवर होता, आणि तिसरं बोट नुकतंच खाली टेकलेलं. बोटात अंगठी नव्हती. त्यानं आयुष्यात कधी अंगठी घातली नव्हती. स्टिअरिंग रबराचं होतं. आणि आवाज धातूचा, लाकडावरचा.

गाडी आपोआप हळू झाली. नाही, त्याच्या पायानं ती हळू केली होती.

"हे तू केलंस," भिंगरी म्हणाली.

"मी नाही."

"मी बघत होते, अर्ध्या."

त्यानं फाट्यावर गाडी उभी केली. कालपासूनचं सगळं तो आठवून पाहू लागला. प्रत्येक वेळी त्याचे हात कुठे होते? टपरीवर? फाटकापाशी? झाडाखाली दार बंद झाल्यावर तो गाडीबाहेर होता, हे नक्की. नक्की होतं ना? एकाही वेळेचं छातीठोकपणे सांगता येईना. बोट अजून स्टिअरिंगवर टेकलेलं, आणि ते उचलायचं म्हटलं तर थोडा जोर लावावा लागत होता.

फोन वाजला. बाबा. त्यानं स्पीकरवर घेतला.

"वाजलं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात दोन दिवसांचा थकवा होता, आणि हायसं वाटणंही. "आत्ता वाजलं. पण एकदाच. फोनमधून नाही रे, इथं, कोपऱ्यात. तू केलंस ना? मला कळलं तुझं आहे ते. त्यांच्यापेक्षा जरा हलकं होतं."

भिंगरी अर्ध्याकडे बघत होती.

"दोनदा वाजव ना," बाबा म्हणाले. "एवढं कर. मी मग जातो. तुलाही काही म्हणणार नाही, कुठं राहायचं तिथं राहा. फक्त रोज सकाळी तेवढं वाजवत जा. दोनदा. एवढंच."

किती सोपं होतं. बोट तिथंच होतं. दोनदा टेकवलं, की बाप सुटणार होता, दूध आणणार होता. आणि उद्या पुन्हा उभा राहणार होता, परवाही. मग एखाद्या दिवशी अर्ध्याचं डोकं फिरलेलं असेल, आणि तो एकदाच वाजवेल, नुसतं बघायला, की म्हातारा खरंच बसतो का. बसेलच. मग भिंगरी विचारेल, जरा बाहेर जाऊन येऊ का. आणि बोट तिथंच असेल. आजोबांनाही कुणीतरी आधी असंच विचारलं असणार. गयावया करून, बाळा म्हणून.

"नाही," अर्ध्या म्हणाला.

"अरे, पण..."

"नाही वाजवणार. एकदा नाही, दोनदा नाही. तुम्हाला जायचं तर जा, बसायचं तर बसा. मी सांगतोय म्हणूनही नको. पाय तुमचे आहेत."



अर्ध्यानं डाव्या हातानं ते बोट धरलं आणि स्टिअरिंगवरून सोडवलं. सोडवावंच लागलं. मग खाली उतरला, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. "तू चालव," तो भिंगरीला म्हणाला. ती सरकली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला. आरशात मागचा उघडा पत्रा दिसला असणार. तिनं त्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग आरसाच वर, छपराकडे वळवून टाकला.

"काय दिसलं?"

"मी गाडी चालवतेय," ती म्हणाली. "मला पुढचं बघायचंय."

अर्ध्यानं उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर सगळा भार टाकून बसला. भिंगरीनं या वेळी 'निघूया' म्हटलं नाही. विचारलंही नाही. गिअर टाकला आणि डावीकडे वळली.

फोन चालूच होता. बऱ्याच वेळानं त्यातून पिशवी सळसळल्याचा आवाज आला. मग चपला, फरफटत, दोन पावलं, थांबल्या. पुन्हा दोन. मग कडी, जी वर्षानुवर्षं तेल न घातल्यानं कुरकुरायची. ती कुरकुरली.

त्याच वेळी मागे, उघड्या पत्र्यावर, एकदा वाजलं. आजवर कधी वाजलं नव्हतं इतक्या जोरात. हात अर्ध्याच्या मांडीखालीच होता.

"ऐकलंस?" भिंगरीनं विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय. वाजू दे."

तिनं वेग वाढवला.